सनद आणि माग : समतेच्या एका वचनाची परीक्षा

महात्मा जोतीराव फुले यांनी हजरत महंमद पैगंबरांवर ‘मानव महंमद’ हे काव्य लिहिले. जातीच्या उतरंडीखाली चिरडलेल्या आपल्या समाजाकडे पाहताना त्यांना इस्लाममध्ये माणसामाणसांत भेद न करणारी शिकवण दिसली, आणि त्यांनी तिचा मोकळ्या मनाने गौरव केला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात मुस्लिम समाजाची पाहणी केली. १९०१ सालच्या बंगालच्या जनगणनेचा आधार घेऊन त्यांनी दाखवून दिले की, भारतीय मुसलमानांतही अश्रफ, अजलाफ आणि अरजल अशा पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवरच्यांना मशिदीचे दार आणि सार्वजनिक दफनभूमीही बंद असल्याची त्या अहवालात नोंद होती.

जोतीरावांनी शिकवण वाचली. बाबासाहेबांनी समाज वाचला. दोघेही आपापल्या ठिकाणी खरे होते. खंत एवढीच की, त्यांच्या मागून आलेल्या मराठी लेखनाने या दोहोंपैकी सोयीचे तेवढे उचलले. पैगंबर जयंतीच्या निमित्ताने निघणाऱ्या पुस्तिकांत इस्लाममध्ये जात नाही असे ठाम विधान असते आणि त्याच्या पुष्ट्यर्थ पैगंबरांच्या अखेरच्या हज यात्रेतील प्रवचनाचा एक भाग दिलेला असतो. उलट बाजूच्या लेखनात मुसलमानांतील बिरादऱ्यांची यादी असते आणि त्यावरून मूळ शिकवणच खोटी होती असा निष्कर्ष काढलेला असतो. ज्या वचनावरून हा सारा वाद चालतो, ते वचन कुठे नोंदले आहे, कोणी कोणाला सांगितले, त्यातील शब्द नेमके कोणते, हे पाहण्याचे कष्ट दोन्ही बाजूंस क्वचितच घ्यावेसे वाटतात. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढेच करू इच्छितो.

हे आम्ही हिंगोली जिल्ह्यातील साखरा येथून लिहीत आहोत. ग्रंथांच्या खरेखोटेपणाची चर्चा करण्यास हा मुलूख अपरिचित नाही. संत नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. नामदेवांच्या नावावर असलेल्या अभंगांपैकी त्यांचे किती आणि मागाहून आलेल्या विष्णुदास नामा यांचे किती, हा प्रश्न अभ्यासकांना अजून सोडवावा लागतो. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गावही याच जिल्ह्यातले. तेथील नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी मनुस्मृती आणि मुस्लिम प्रश्न या दोन्हींवर सारख्याच परखडपणे लिहिले. थोडे पुढे गोदाकाठी पैठण आहे. तेथे संत एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घुसडू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. श्रद्धेय ग्रंथाची छाननी करणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे मराठी मनाला एकनाथांनी शिकविले आहे. आज दुसऱ्या धर्माच्या एका वचनाकडे वळताना तीच वृत्ती आम्ही ठेवू पाहतो.

हदीस म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगावयास हवे. कुराण हा मुसलमानांच्या दृष्टीने परमेश्वराचा शब्द. पैगंबर काय बोलले, त्यांनी काय केले, कशास मूक संमती दिली याविषयीच्या आठवणी म्हणजे हदीस. ६३२ मध्ये पैगंबरांचे निधन झाल्यावर या आठवणी तोंडी आणि काही प्रमाणात लेखी सांगितल्या जात राहिल्या. सुन्नी मुसलमान ज्या संग्रहांना सर्वांत विश्वसनीय मानतात ते नवव्या शतकात तयार झाले. त्यांतील इमाम बुखारी ८७० मध्ये आणि इमाम मुस्लिम ८७५ मध्ये वारले. मधल्या दोन शतकांत खऱ्या आठवणींबरोबर खोट्याही पुष्कळ पसरल्या होत्या. राजवंशांचे समर्थक, पंथांचे अभिमानी, रस्त्यावर कथा सांगून पोट भरणारे, अशा अनेकांनी आपापल्या सोयीची वचने पैगंबरांच्या तोंडी घातली. हे आम्ही म्हणत नाही; मुस्लिम विद्वानांनीच ते प्रथम सांगितले, आणि त्यावर उपाय म्हणून तपासणीचे एक शास्त्र उभे केले.

या शास्त्राप्रमाणे प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात. एक सनद, म्हणजे अमक्याने तमक्याकडून ऐकले अशी सांगणाऱ्यांची साखळी. आणि दुसरा मतन, म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. आपल्याकडे इनामाचा कागद, अधिकारपत्र या अर्थाने ‘सनद’ हा शब्द रुळला आहे, तोच हा मूळ अरबी शब्द. सनदेशिवाय इनाम नाही, तसे सनदेशिवाय वचन नाही. साखळीतील प्रत्येक माणूस कोण होता, तो खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो खरोखरच भेटला होता का, याची विचारपूस करणारे चरित्रकोश रचले गेले. त्यावरून हदीसला सही म्हणजे निर्दोष, हसन म्हणजे चांगली, जईफ म्हणजे दुबळी, आणि मौजू म्हणजे बनावट असे दर्जे दिले गेले. आपल्या संत लूकने शुभवर्तमानाच्या आरंभीच आपण सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध केल्याचे सांगितले आहे. त्या शोधाची आस्था ओळखणाऱ्या वाचकास या तपासनिसांची आस्थाही ओळखता येईल.

आता पहिले वचन. पैगंबरांनी हिजरी सन १० मध्ये, म्हणजे ६३२ च्या आरंभी, अखेरची हज यात्रा केली आणि त्या प्रसंगी लोकांना उद्देशून भाषण केले. तुमचा परमेश्वर एक, तुमचा पिता एक, अरबाला बिगर अरबावर किंवा बिगर अरबाला अरबावर, तसेच एका वर्णाच्या माणसाला दुसऱ्या वर्णाच्या माणसावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व असेल तर ते केवळ ईश्वरनिष्ठेने, असा या वचनाचा आशय आहे. लोकप्रिय पुस्तिकांत ते एका सलग, सुघटित भाषणाचा भाग म्हणून येते. ग्रंथ उघडल्यावर मात्र चित्र थोडे वेगळे दिसते.

तसे सलग भाषण हदीसच्या प्रमुख संग्रहांत नाही. बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत यात्रेतील भाषणाचे जे भाग आहेत त्यांत माणसाचे रक्त आणि मालमत्ता यांच्या पावित्र्यावर भर आहे. मुस्लिम यांच्याकडील दीर्घ वृत्तांतात स्त्रियांशी वागण्याविषयीही सांगितले आहे. इब्न इसहाक यांच्या जुन्या चरित्रग्रंथातील भाषणात मुसलमान परस्परांचे बंधू असल्याचे आहे. अरब आणि बिगर अरब यांविषयीचे हे वाक्य तेथे नाही. ते मिळते इमाम अहमद बिन हंबल (मृत्यू ८५५) यांच्या ‘मुसनद’ या प्रचंड संग्रहात. बसऱ्याचे अबू नद्रा ते सांगतात, आणि ज्यांनी ते यात्रेच्या मधल्या दिवशी पैगंबरांच्या तोंडून ऐकले त्यांच्याकडून आपण ऐकल्याचे म्हणतात. त्या मूळ श्रोत्याचे नाव मात्र ते देत नाहीत.

आणखी एक बारकावा. मूळ अरबीत ‘गोरा’ हा शब्द नाही. तेथे ‘तांबडा’ आणि ‘काळा’ अशी जोडी आहे, आणि दोन्ही दिशांनी ती सांगितली आहे. उजळ वर्णाच्या माणसाला तांबडा म्हणण्याची अरबांची रीत होती. आधुनिक भाषांतरकारांनी अमेरिका, दक्षिण आफ्रिका येथील वर्णभेदाचा अनुभव मनात ठेवून ‘गोरा’ हा शब्द घातला आणि मराठी पुस्तिकांनी तो तसाच उचलला. अर्थ फारसा बदलत नाही, हे खरे. तरीही शब्द बदलला की वचनाचा काळ बदलतो. सातव्या शतकातील वंशाभिमानी टोळ्यांना उद्देशून काढलेले उद्गार विसाव्या शतकातील वादाचे उत्तर वाटू लागतात.

मग हे वचन टाकून द्यावे काय? तसे मुळीच नाही. सुन्नी शास्त्राच्या नियमाप्रमाणे पैगंबरांचे प्रत्यक्ष सोबती विश्वसनीय मानले जातात. त्यामुळे साखळीच्या त्या टोकाचे नाव गाळले गेले तरी दोष मानला जात नाही. मधले निवेदक तपासणीस उतरतात. म्हणून अनेक हदीसतज्ज्ञांनी ते स्वीकारले आहे. शिवाय मजकुराला कुराणाचा आधार आहे. सर्व माणसे एका स्त्रीपुरुषापासून झाली, कुळे आणि टोळ्या परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत, आणि परमेश्वराजवळ मान आहे तो निष्ठावंतास, असे एकोणपन्नासाव्या अध्यायात आले आहे. पूर्वजांचा गर्व करणाऱ्यांना, तुम्ही सारे आदामाची लेकरे आणि आदाम मातीचा, असे सुनावणारी एक हदीस अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. तेव्हा वचन उभे राहते. केवळ पुस्तिका सांगतात तेवढ्या सोप्या पायावर ते उभे नाही.

दुसरे वचन आपल्याकडील पुस्तिकांत सापडत नाही, पण भारतीय मुसलमानांच्या जीवनावर त्याची छाया मोठी पडली आहे. अरब एकमेकांच्या तोलाचे, टोळी टोळीच्या तोलाची, मुक्त केलेले गुलाम आणि त्यांचे वंशज एकमेकांच्या तोलाचे. मात्र विणकर आणि हजाम वगळून, असा त्याचा आशय. हे वचन विवाहासंबंधी आहे. कोणाची मुलगी कोणास द्यावी, याचा निर्णय त्यातून निघतो. येथील ‘हजाम’ म्हणजे मूळ अरबी अर्थाने तुंबडी लावून रक्त काढणारा. तोच शब्द मराठीत केस कापणाऱ्यास लागला आणि त्याबरोबर त्यास चिकटलेला तुच्छतेचा भावही आला.

या वचनाची सनद पाहावी. इब्न उमर या थोर सोबत्याच्या नावापर्यंत ती नेलेली आहे. परंतु मध्येच एक दुवा निनावी आहे. सांगणारा म्हणतो की आपल्या बंधूंपैकी कोणीतरी हे सांगितले. हा निनावी माणूस पैगंबरांचा सोबती नाही. पिढ्यांनंतरचा आहे, आणि तो कोण होता हे कोणास ठाऊक नाही. दोन्ही वचनांत एकेक नाव गाळलेले आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. पण एका ठिकाणी प्रत्यक्ष ऐकणाऱ्याचे नाव गळले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी मधल्या काळात वचन कोठून आले याचाच पत्ता नाही. इब्न अबी हातिम (मृत्यू ९३८) यांनी आपल्या वडिलांना, अबू हातिम राझी यांना, या वचनाविषयी विचारले. वडील त्या काळचे मोठे तपासनीस होते. त्यांनी ते खोटे आणि निराधार असल्याचा निर्वाळा दिला. इतर साखळ्यांनी आलेले याचे पाठही तज्ज्ञांनी नाकारले. पंधराव्या शतकातील इब्न हजर यांनीही ते नोंदवितानाच निनावी दुव्याचा आणि अबू हातिम यांच्या निकालाचा उल्लेख केला.

मजकुराच्या कसोटीवरही हे वचन टिकत नाही. अबू दाऊद यांच्या संग्रहात अबू हिंद नावाच्या माणसाची कथा आहे. तो पैगंबरांना तुंबडी लावणारा, म्हणजे नेमका हजामच होता. पैगंबरांनी बनू बयादा या टोळीस सांगितले की, अबू हिंदला मुलगी द्या आणि त्याच्या घरची मुलगी करा. इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात फातिमा बिन्त कैस या कुरैशी स्त्रीची हकीकत आहे. कुरैश म्हणजे पैगंबरांचे स्वतःचे, अरबांत मानाचे कुळ. तिला दोन कुरैशी पुरुषांनी मागणी घातली असता पैगंबरांनी तिला उसामा यांच्याशी विवाह करण्याचा सल्ला दिला. उसामांचे वडील मुक्त झालेले गुलाम आणि आई हबशी होती. फातिमेला हे प्रथम रुचले नाही. मग तिने ते मानले आणि आपले भले झाल्याचे तिनेच सांगितले. ज्यांनी असे विवाह जुळविले त्यांच्याच तोंडी विणकर आणि हजाम यांना वगळणारे वचन घालणाऱ्याला आपल्या काळातील कोणत्या तरी घराण्याची प्रतिष्ठा राखावयाची होती, असे आम्हांस वाटते.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तोच आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. वचन खोटे ठरले, तेही नवव्या-दहाव्या शतकातच, मुस्लिम विद्वानांच्याच हातून. मग ते मेले का नाही?

त्याचे कारण असे की, ते कायद्याच्या ग्रंथांत जाऊन बसले होते. इराकमधील कूफा हे लष्करी छावणीतून वाढलेले शहर. तेथे अरब आणि धर्मांतरित बिगर अरब शेजारी राहत, आणि वंशाचा अभिमान तीव्र होता. तेथे वाढलेल्या हनफी कायद्याने विवाहातील तोलाचा, म्हणजे ‘कफाअत’चा विचार करताना वंश आणि धंदा यांना महत्त्व दिले. मदिनेच्या इमाम मालिक यांनी मात्र धर्मनिष्ठेलाच तोल मानले. भारतात राज्य आले ते हनफी कायद्याचे. बाराव्या शतकातील ‘हिदाया’ हा ग्रंथ येथील काझींचा मुख्य आधार झाला. त्यात वंशाचा तोल सांगताना ते वचन आधाराला घेतले आहे, आणि धंद्याच्या संदर्भात तुंबडी लावणारा, विणकर व कातडे कमावणारा यांची नावे हलक्या धंद्यांची म्हणून आली आहेत. औरंगजेबाच्या आज्ञेने सतराव्या शतकात संकलित झालेल्या ‘फतावा आलमगिरी’मध्येही कफाअतचे प्रकरण आहे. मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ हे पुस्तक उर्दू जाणणाऱ्या घरांतून मुलींना लग्नात देण्याची रीत पडली. त्यात विणकर हा शिंप्याच्या तोलाचा नाही, असे सांगितलेले आढळते. आमच्या मराठवाड्यातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत. तेव्हा बसऱ्या-कूफ्याच्या बाजारातील तुच्छता ग्रंथांच्या वाटेने आमच्या मुलखापर्यंत पोहोचली, आणि येथे तिला आमच्या जातिव्यवस्थेचे आयते अंगण मिळाले.

याचा भार वाहणारे लोक महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आहेत. मालेगाव आणि भिवंडी ही मागांची गावे. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ च्या उठावानंतर, उत्तर भारतातून विणकर कुटुंबे दक्षिणेकडे आली आणि येथे त्यांनी हातमाग उभे केले. त्यांचेच पुढे यंत्रमाग झाले. जुलाहा हे नाव त्यांना हिणविण्यासाठी वापरले जाई. ते टाकून त्यांनी मोमीन, म्हणजे श्रद्धावंत, आणि अन्सारी, म्हणजे पैगंबरांना मदिनेत आसरा देणाऱ्यांचे वारस, ही नावे घेतली. या नावांत समतेची मागणी आहे. पण तीत एक व्यथाही आहे असे आम्हांस वाटते. ज्या परंपरेने वंशाचा गर्व निषिद्ध ठरविला, तीत मान मिळविण्यासाठी त्यांना वंशाचेच नाव घ्यावे लागले. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी महाराष्ट्रात मुस्लिम इतर मागासवर्गीयांची चळवळ उभी केली, तिला अभिनेते दिलीपकुमार यांनी साथ दिली, आणि १९९४ साली शासनाने मुस्लिम मागास जमातींच्या सवलतींचा मार्ग मोकळा केला. पिंजारी, बागवान, मोमीन, छप्परबंद या समाजांनी आम्ही मागास आहोत हे शासनाला सांगणे म्हणजे, समतेचे वचन घराघरांत पोहोचलेले नाही, हे मोठ्याने म्हणणेच होते. त्यापूर्वी १९७० साली हमीद दलवाई यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले, तेव्हा नाव जोतीरावांच्या समाजाचे घेतले. तो धागाही येथे आठवतो.

हे लिहीत असताना एकतर्फीपणा टाळला पाहिजे. अन्याय्य वचने सारी बनावट आणि न्याय्य वचने सारी अस्सल, इतका हा हिशेब सरळ नाही. बुखारींच्याच संग्रहात, हबशी गुलाम तुमच्यावर अधिकारी नेमला गेला तरी त्याची आज्ञा पाळा, असे वचन आहे. त्यात त्याच्या डोक्याला मनुक्याची उपमा दिली आहे. समतेचे पुरावे देताना हे वचन पुढे केले जाते. परंतु उपमेकडे नीट पाहिले तर त्यात ऐकणाऱ्यांच्या मनातील तुच्छता गृहीत धरलेली दिसते. आणि त्याच संग्रहात, राज्याधिकार कुरैश कुळाकडेच राहील, असेही वचन आहे. दोन्ही सही. इग्नाझ गोल्डझिहर या हंगेरियन यहुदी पंडिताने १८८९–९० मध्ये आपल्या ग्रंथात मांडले की, अरब व बिगर अरब यांच्या नंतरच्या शतकांतील झगड्यात दोन्ही पक्षांनी आपापली वचने पैगंबरांच्या नावावर चढविली. मुस्लिम विद्वानांनी आणि नंतरच्या पाश्चात्त्य अभ्यासकांपैकी काहींनी त्याचे मत फार टोकाचे ठरविले आहे. तथापि वचन प्रिय असो की अप्रिय, कसोटी एकच हवी, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

अबू जर यांच्या कथेचे उदाहरण घ्या. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणविले, तेव्हा तुझ्यात अजून अज्ञानकाळाचा अंश उरला आहे, अशा आशयाने पैगंबरांनी त्यांना फटकारले, ही हकीकत बुखारींच्या संग्रहात आहे. लोकप्रिय कथेत तो माणूस म्हणजे हबशी बिलाल असतो आणि पश्चात्तापाने अबू जर आपला गाल जमिनीवर टेकून बिलालना त्यावर पाय ठेवण्यास सांगतात. बुखारींच्या पाठात बिलालांचे नाव नाही आणि गालाचा प्रसंगही नाही. सजावट काढून टाकल्यावर कथा लहान होते, पण तिचे बळ कमी होत नाही. उलट अशा सजावटीने श्रोत्याचे मन भरून येते आणि तो निश्चिंत होऊन घरी जातो. बनावट चांगुलपणाचा हा धोका आम्हांस बनावट दुष्टपणाइतकाच मोठा वाटतो. काळ्या लोकांची निंदा करणाऱ्या सर्व हदीस खोट्या आहेत, असे चौदाव्या शतकातील इब्न कय्यिम यांनी स्पष्ट लिहिले. बाराव्या शतकात बगदादच्या इब्न जौझी यांनी बनावट वचनांचा संग्रह केला आणि हबशी लोकांच्या गौरवार्थ वेगळा ग्रंथही रचला. ही तपासनिसांची परंपरा लोकांपुढे आली, तर सजावटीची गरजच उरणार नाही.

हबशी अधिकाऱ्याविषयीच्या वचनाची प्रत्यक्ष परीक्षा आमच्याच मराठवाड्यात झाली आहे. मलिक अंबर आफ्रिकेत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, अनेक हात फिरून दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या नगरासाठी त्याने बांधविलेला नहर-ए-अंबरी हा जलमार्ग प्रसिद्धच आहे. त्याने आपली मुलगी निजामशाही सुलतानास दिली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. एक हबशी गुलाम राज्य चालवितो आणि मराठे व दख्खनी सरदार त्याचा हुकूम मानतात, हे येथे घडले. परंतु तो स्वतः सुलतान झाला नाही. गादीवर राजवंशातील माणूसच बसवावा लागला. आणि त्याचा शत्रू बादशहा जहांगीर, जो त्याचा धर्मबंधूच होता, आपल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख काळ्या तोंडाचा म्हणून करतो. अंबरचे छाटलेले मस्तक भाल्यावर लावून आपण त्यावर बाण सोडीत आहोत, असे चित्र जहांगीरने काढवून घेतले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधी लागला नाही. तो १६२६ मध्ये वृद्धापकाळी वारला आणि त्याची कबर खुलताबादला आहे. वचन खरे असल्याने बादशहाच्या मनातला वर्णगर्व गेला नव्हता.

वाचकहो, येथवर आम्ही शेजाऱ्याच्या घरातील कागद तपासले. ते तपासणाऱ्याने आपल्या घरचेही पाहावेत, हा साधा न्याय आहे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहाने दिलेला शाप कनानला आहे. हामला नाही, आणि त्वचेच्या रंगाचा तर तेथे शब्दही नाही. तरीही शतकानुशतके ‘हामचा शाप’ म्हणून ख्रिस्ती लोकांनी आफ्रिकी बांधवांच्या गुलामगिरीला त्याचा आधार दिला. पोपमहोदयांच्या ऐहिक सत्तेस आधार म्हणून दाखविले जाणारे कॉन्स्टंटाइनचे दानपत्र बनावट असल्याचे लोरेन्झो वाल्ला यांनी १४४० मध्ये भाषेच्या पुराव्यावरून सिद्ध केले. पण सर्वच दोष बनावट कागदांवर ढकलता येत नाही. पोप निकोलस पाचवे यांनी १४५२ आणि १४५५ मध्ये पोर्तुगालच्या राजास दिलेली आज्ञापत्रे अस्सल होती, आणि त्यांत ख्रिस्तेतरांना गुलाम करण्याची मुभा होती. अशा आज्ञापत्रांवर उभारलेला सिद्धान्त व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी स्पष्टपणे नाकारला. कागद खरा आहे की खोटा, हा पहिला प्रश्न. तो न्याय्य आहे काय, हा दुसरा. दोन्ही विचारावेच लागतात.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेले पत्र त्याचेच आहे, याविषयी बहुतेक सर्व अभ्यासकांचे एकमत आहे. यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र हे भेद ख्रिस्ताच्या ठायी उरत नाहीत, अशी त्यातील शिकवण. सनदेच्या दृष्टीने इतका भक्कम कागद हदीसच्या तपासनिसालाही हेवा वाटावा असा. असे असून भारतीय ख्रिस्तसभेत दलित बांधवांसाठी वेगळ्या जागा आणि वेगळ्या दफनभूमी काही ठिकाणी राहिल्या. आपल्या भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने २०१६ साली दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना जातिभेद हे पाप असल्याचे मान्य केले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलेल्यांत दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान दोघेही आहेत. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्या यादीत आले. हे दोघे बाहेरच राहिले. तुमच्या धर्मात जात नाही ना, मग सवलत कशाला, असा प्रश्न त्यांना विचारला जातो. ग्रंथातील समता अशा वेळी दुर्बळाच्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभी केली जाते, आणि भक्कम सनद असलेले वचनही त्याला भाकरी मिळवून देत नाही.

फुले आणि आंबेडकर यांच्यातील विरोध आता आम्हांस विरोध वाटत नाही. शिकवण खरी होती आणि समाजाचे वर्णनही खरे होते. मधल्या जागेत कायद्याचे ग्रंथ, लग्नाच्या सोयरिकी आणि एक खोटे ठरलेले वचन उभे होते. ते खोटे आहे, हे विद्वानांच्या अरबी ग्रंथात लिहिलेले राहिले. मालेगावच्या मागावर बसलेल्या माणसापर्यंत ते पोहोचण्यास हजार वर्षांहून अधिक काळ गेला. मराठीत इस्लामविषयी लिहिणाऱ्यांनी ही छाननी सोप्या भाषेत लोकांपुढे ठेवली, तर त्या पुस्तिकांपेक्षा अधिक उपयोगाचे काम होईल.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांसही यात करण्यासारखे काही आहे. गावोगाव मुस्लिम शेजारी आहेत. त्यांच्याशी बोलताना तुमच्यात समता आहे की नाही, असा कोर्टातला प्रश्न न विचारता अबू हिंदची कथा विचारावी. अनेकांना ती ठाऊक नसेल. ठाऊक असणारा आनंदाने सांगेल, आणि मग कदाचित तोही आपल्याला विचारील की, तुमच्या गावात वरच्या आळीतल्या ख्रिस्ती घरातील मुलगी खालच्या आळीत दिली जाते का. त्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देता यावे, एवढी तयारी आपण ठेवली पाहिजे.